ग्राफपेपरवरचा संगीतकार

दर वर्षी आपल्या होस्टेलवर एक तरी मुलगा असा येतो, की तो इथे चुकून आलाय हे पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळतं. कुणाच्या ट्रंकेत पुस्तकांच्या खाली तबल्याची जोडी असते. कुणी ड्रॉइंग शीटच्या मागच्या बाजूला मेसमधल्या लोकांचे चेहरे काढत बसतो. घरचे समजावतात, आधी डिग्री पदरात पाडून घे, मग काय ते कर. मित्र समजावतात, आधी प्लेसमेंट होऊ दे, मग बघू. आणि बहुतेकांच्या आयुष्यात ते 'मग' कधी उगवतच नाही.

ज्या माणसाबद्दल मी लिहितोय, त्याच्या आयुष्यात ते 'मग' उगवलं. पण त्यासाठी एक महायुद्ध, एक यादवी, एक डोळा आणि एक देश एवढी किंमत त्याला मोजावी लागली. त्यातही गंमत अशी, की इंजिनीअरिंग सोडून तो संगीतकार झाला नाही, तर इंजिनीअरिंग सोबत घेऊनच झाला. त्याचं नाव यानिस झेनाकिस. तो २००१ साली गेला, म्हणजे आज फर्स्ट इयरला असलेल्या पोरांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. पाश्चात्त्य संगीताच्या जगात विसाव्या शतकातल्या मोठ्या लोकांत त्याचं नाव घेतात. आपल्याकडे मात्र आर्किटेक्चरवाले सोडले तर फार कुणी त्याला ओळखत नाही. म्हणून हा खटाटोप.

पहिलं होस्टेल

यानिसचा जन्म १९२२ सालचा, रुमानियातल्या ब्राइला या गावचा. डॅन्यूब नदीवरचं हे व्यापारी बंदर. आईवडील ग्रीक, वडील व्यापारउदीम बघायचे. आईला पियानो यायचा. तिने पोराला एक छोटी बासरी आणून दिली होती. पण यानिस पाच वर्षांचा असतानाच ती वारली. दहाव्या वर्षी वडिलांनी त्याला ग्रीसमधल्या स्पेत्सेस बेटावरच्या बोर्डिंग शाळेत टाकलं. म्हणजे आपण अठराव्या वर्षी जे अनुभवतो ते त्याने दहाव्या वर्षीच अनुभवलं. परकं गाव, लोखंडी कॉट आणि घरची आठवण! तिथे त्याला तीन गोष्टींची गोडी लागली, गणित, प्राचीन ग्रीक साहित्य आणि संगीत. या तिन्ही गोष्टी त्याने शेवटपर्यंत सोडल्या नाहीत.

१९३८ साली तो अथेन्सला आला. पॉलिटेक्निकच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायची होती. (आपल्याकडे पॉलिटेक्निक म्हटलं की डिप्लोमा डोळ्यांसमोर येतो. अथेन्सचं पॉलिटेक्निक म्हणजे ग्रीसमधलं सर्वांत मानाचं इंजिनीअरिंग कॉलेज.) एकीकडे परीक्षेचा अभ्यास आणि दुसरीकडे एका शिक्षकाकडे संगीताचे धडे, असं चाललं होतं. १९४० मध्ये तो पास झाला, सिव्हिलला प्रवेश मिळाला. आणि २८ ऑक्टोबर १९४० रोजी मुसोलिनीच्या इटलीने ग्रीसवर हल्ला केला. कॉलेज बंद!

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये जर्मन फौजा आल्या आणि अथेन्सवर स्वस्तिकाचा झेंडा लागला. १९४१-४२ च्या हिवाळ्यात शहरात असा दुष्काळ पडला, की माणसं रस्त्यात भुकेने मरून पडू लागली. कॉलेज मध्येच सुरू व्हायचं, मध्येच बंद पडायचं. यानिस डाव्या प्रतिकार चळवळीत ओढला गेला. मोर्चे, पत्रकं, पकडापकडी, तुरुंग हे सगळं त्याने पाहिलं. आपली एखादी एटीकेटी राहिली तर आपण आभाळ कोसळल्यासारखं तोंड करतो. या पठ्ठ्याची सबंध डिग्रीच बंदुकांच्या आवाजात चालली होती.

मोर्चाचा आवाज

इथे एक प्रसंग नीट सांगायला हवा, कारण त्याचं पुढचं सगळं संगीत या प्रसंगातून निघालंय.

जर्मनांविरुद्ध अथेन्समध्ये लाखालाखाचे मोर्चे निघत. पुढची रांग एक घोषणा देते. ती घोषणा रांगेमागून रांग सरकत शेवटपर्यंत जाते. तेवढ्यात पुढून दुसरी घोषणा निघते आणि तीही लाटेसारखी मागे जाते. सगळ्या शहरात एका लयीत आवाज भरून राहतो. मग मोर्चा शत्रूच्या समोर येतो आणि मशीनगन सुरू होतात. ती एकसंध लय फुटते आणि तिच्या ठिकऱ्या उडतात. किंकाळ्या, धावपळ, गोळ्यांचे तुटक तुटक आवाज. आणि काही वेळाने धुरळ्याने भरलेली भयाण शांतता.

हजारो माणसं त्या जागी जीव मुठीत धरून पळत होती, आणि यानिसही त्यांच्यातलाच एक होता. पण त्याच्या डोक्यातला इंजिनीअर आणि संगीतकार हे दोघेही त्या वेळी जागे असावेत. त्याच्या लक्षात आलं, की यातला एकेक आवाज वेगळा काढला तर त्याला काही अर्थ नाही. अर्थ आहे तो सगळ्या आवाजांच्या मिळून होणाऱ्या ढगाला. सुव्यवस्थेपासून गोंधळापर्यंत तो ढग कसा बदलत जातो, यात काहीतरी नियम आहे. पत्र्यावर गारा पडतात तेव्हा आपण एकेक गार ऐकत नाही, गारांचा पाऊस ऐकतो. उन्हाळ्यात रानात रातकिडे ओरडतात तेव्हा एकेक किडा ऐकत नाही, सगळं रान ऐकतो. गणितात अशा गोष्टींसाठी एक सबंध शाखाच आहे. तिला आपण प्रोबॅबिलिटी म्हणतो आणि एम-थ्रीच्या पेपरात ऑप्शनला टाकतो!

डिसेंबर १९४४. जर्मन निघून गेले होते. पण आता सत्ता कुणाची यावरून ग्रीसमध्ये आपसातच जुंपली. ज्या ब्रिटिशांचं अथेन्सने टाळ्या वाजवून स्वागत केलं होतं, त्यांचेच रणगाडे शहरातल्या डाव्या गटांवर चालून आले. यानिस विद्यार्थ्यांच्या तुकडीत होता. ही तुकडी एका इमारतीत दबा धरून असताना रणगाड्याचा एक गोळा आत येऊन फुटला. सोबतचे मेले. यानिसच्या चेहऱ्याचा डावा भाग उडाला, डावा डोळा गेला. तो वाचेल असं कुणाला वाटलं नव्हतं. तेव्हा त्याचं वय बावीस, म्हणजे आपलं बी. ई. चं वय.

तो वाचला. आणि बरा झाल्यावर त्याने काय केलं असेल? कॉलेजला परत गेला आणि राहिलेली डिग्री पूर्ण केली. सिव्हिल इंजिनीअर, विषय आरसीसी.

खोटा पासपोर्ट

डिग्री हातात आली, पण सुख नव्हतं. १९४७ मध्ये प्रतिकार चळवळीतल्या जुन्या लोकांची धरपकड सुरू झाली. यानिसला लपून राहावं लागलं. शेवटी खोट्या पासपोर्टवर तो बोटीने इटलीला निसटला आणि तिथल्या साथीदारांच्या मदतीने चोरून सीमा ओलांडून फ्रान्समध्ये शिरला. अर्नाळकरांच्या रहस्यकथेत शोभावा असाच हा पाठलाग. फरक एवढाच, की इथे शेवटच्या पानावर सगळं ठाकठीक होणार याची कुणी हमी दिलेली नव्हती. ११ नोव्हेंबर १९४७ रोजी तो पॅरिसला पोचला. खरं तर त्याला अमेरिकेला जायचं होतं. पण पॅरिसला आला आणि तिथलाच झाला. इकडे ग्रीसमध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला फाशीची शिक्षा ठोठावली गेली. १९५१ मध्ये ती कमी करून दहा वर्षांची कैद झाली. म्हणजे घरी जायचा रस्ता बंदच.

पॅरिसमध्ये त्याच्याकडे धड कागदपत्रं नव्हती, पैसा नव्हता आणि एकच डोळा होता. जमेची बाजू एवढीच, की आरसीसीचं गणित यायचं. ते पुरलं! एका ओळखीच्या ग्रीक आर्किटेक्टने शब्द टाकला आणि ल कॉर्बुझिएच्या ऑफिसात त्याला नोकरी लागली. हा कॉर्बुझिए म्हणजे चंदीगडचं नगर वसवणारा तोच. यानिसचं काम अगदी साधं होतं. मार्सेयमध्ये जी प्रचंड वसाहत-इमारत उभी राहत होती, तिच्या बीम आणि स्लॅबची गणितं करून द्यायची. दिवसभर गणितं, रात्री खोलीवर संगीत.

या काळात एक गोष्ट त्याला आतून कुरतडत असायची. सोबतचे मेले, कित्येक तुरुंगात सडतायत आणि आपण इथे पॅरिसमध्ये सुखरूप बसलोय, ही टोचणी. जगलोच आहोत तर त्याचं काहीतरी मोल द्यायला हवं असं त्याला वाटायचं, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलंय. तो झपाटल्यासारखं काम का करायचा, याचं उत्तर मला तरी इथे सापडतं.

गुरूच्या शोधात

संगीत शिकायचं म्हणून तो होनेगर या नावाजलेल्या संगीतकाराच्या वर्गात गेला. आपली एक रचना वाजवून दाखवली. होनेगरने लगेच चुका काढल्या. पाश्चात्त्य हार्मनीत काही स्वर एकमेकांना समांतर सरकवणं हा मोठा अपराध. यानिसने तो जागोजागी केला होता. हे संगीतच नव्हे, असा निकाल लागला. व्हायव्हात एक्स्टर्नलने जर्नल फेकून द्यावं तसंच झालं. यानिस उठला आणि परत तिकडे गेला नाही.

मग १९५१ च्या सुमारास तो ऑलिव्हिए मेसियां यांच्याकडे गेला. मेसियां तेव्हा पॅरिसच्या संगीत विद्यालयात शिकवत. यानिसची कल्पना अशी, की आपण तिशीला आलो, आता तरी पहिल्यापासून हार्मनी आणि काउंटरपॉइंट शिकून घ्यावं. मेसियांनी त्याचं काम पाहिलं, विचार केला आणि एखादा शिक्षक सहसा देत नाही तो सल्ला दिला. हे शिकू नकोस म्हणाले. तू ग्रीक आहेस, वास्तुरचनेत काम करतोस, तुला वरच्या दर्जाचं गणित येतं. मग तेच संगीतात वापर की! एका शिक्षकाने एका विद्यार्थ्यासाठी याहून मोठं काय करायचं? आपल्या स्टाफरूममध्ये हे मासिक जातं म्हणून हा प्रसंग मुद्दाम सविस्तर लिहिलाय.

जाता जाता मेसियांबद्दल आपल्या जवळची एक गोष्ट. त्यांना भारतीय तालांचं वेड होतं. 'संगीतरत्नाकर' या ग्रंथातले १२० देशी ताल त्यांनी अभ्यासले, आपल्या रचनांत वापरले आणि वर्गात शिकवले. हा ग्रंथ शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात लिहिला, तो यादवांच्या पदरी असताना, देवगिरीला. आपण ट्रिपला जातो तो दौलताबादचा किल्ला म्हणजेच देवगिरी. तिथे लिहिलेले ताल सातशे वर्षांनी पॅरिसच्या वर्गात फळ्यावर चढले!

सरळ रेषांची कमाल

आता थोडं टेक्निकल, पण घाबरू नका. फर्स्ट इयरचं ग्राफिक्स पुरे.

यानिसने मेसियांचं ऐकलं आणि पाच रेघांच्या संगीताच्या वहीऐवजी ग्राफपेपर घेतला. एक्स अक्षावर वेळ, वाय अक्षावर स्वराची उंची. आडवी रेघ म्हणजे एकच स्वर धरून ठेवलेला. तिरकी रेघ म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. आपल्याकडे याला मींड म्हणतात. रेघ जितकी उभी तितकी मींड वेगवान. आता एकाऐवजी अशा पन्नास तिरक्या रेघा वेगवेगळ्या उताराने काढा. लांबून पाहिलं तर काय दिसतं? एक वक्र पृष्ठभाग! लहानपणी खिळ्यांना दोरा गुंडाळून आपण जी नक्षी करायचो, तीच ही. प्रत्येक दोरा सरळ असतो, पण मिळून वळण तयार होतं. कोराडीच्या किंवा परळीच्या वीजकेंद्राचे कुलिंग टॉवर आठवा. तो कमरेत बारीक झालेला आकारही सरळ रेषांनी काढता येतो. रूल्ड सरफेस म्हणतात तो हाच प्रकार.

या कल्पनेवर त्याने १९५३-५४ मध्ये 'मेटास्टासिस' ही रचना केली. वादक ६१. त्यातले ४६ तंतुवाद्यवाले, आणि प्रत्येकाला वेगळं काम. नेहमीच्या ऑर्केस्ट्रात वीस व्हायोलिनवाले एकच ओळ वाजवतात. इथे कुणाची ओळ कुणाशी जुळत नाही. सुरुवातीला सगळे एकाच स्वरावर असतात. मग प्रत्येक जण आपापल्या मींडेने निघतो आणि तो एक स्वर पंख्यासारखा उलगडत जातो. ऐकताना खरोखर असं वाटतं, की एखादी भिंत हळूहळू वळतेय. १९५५ मध्ये जर्मनीतल्या डोनाउएशिंगेनच्या संगीत महोत्सवात ही रचना पहिल्यांदा वाजली आणि गदारोळ झाला. कुणाला हा अपमान वाटला, तर कुणाला नवं दार उघडल्यासारखं वाटलं.

पुढची रचना 'पिथोप्राक्ता'. इथे त्याने थेट वायूंचा गतिसिद्धांत घेतला. ठरावीक तापमानाला वायूच्या रेणूंचे वेग कसे विखुरलेले असतात, याचं मॅक्सवेल-बोल्ट्झमनचं सूत्र आपण फिजिक्समध्ये घोकलंय. यानिसने प्रत्येक तंतुवाद्याला एक रेणू मानलं आणि त्या सूत्राने मिळालेले वेग त्यांच्या मींडांना दिले. कुठली मींड कधी येईल सांगता येत नाही, पण सगळ्यांची मिळून घनता मात्र ठरलेली. गारांचा पाऊस, रातकिडे आणि अथेन्सचा तो मोर्चा, सगळं आता सूत्रात आलं होतं.

नाव कुणाचं?

इकडे ऑफिसातही बढती होत होती. फक्त बीमची गणितं करून कंटाळलेल्या यानिसने एकदा धीर करून कॉर्बुझिएला विचारलं, की मला डिझाइनमध्ये घ्याल का? कॉर्बुझिएने घेतलं. ल्यांजवळचा ला तूरेतचा मठ ही ती इमारत. तिथल्या काचेच्या भिंती यानिसच्या आहेत. काचांमधले काँक्रीटचे उभे पातळ खांब त्याने समान अंतरावर ठेवले नाहीत. कुठे दाट, कुठे विरळ. ओसरीतून चालत जाताना डोळ्यांना लय जाणवते, आधी द्रुत, मग विलंबित, परत द्रुत. अशाच खिडक्या पुढे चंदीगडच्या सरकारी इमारतींतही आल्या. २०१६ मध्ये युनेस्कोने कॉर्बुझिएची सतरा कामं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्यात ला तूरेत आहे, मार्सेय आहे आणि चंदीगडही आहे. पाटीवर नाव अर्थात एकाचंच.

आणि इथेच ठिणगी पडली. १९५८ च्या ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात फिलिप्स कंपनीला आपला मंडप हवा होता. काम कॉर्बुझिएकडे आलं. पण तो चंदीगडमध्ये गुंतलेला. त्याने आत काय दाखवायचं ते ठरवलं आणि मंडपाचं काम यानिसवर सोपवलं. यानिसने 'मेटास्टासिस'चा ग्राफ जणू कागदावरून उचलून जमिनीवर उभा केला. मंडपाला सपाट भिंत नाही, वेगळं छप्परही नाही. घोड्याच्या खोगिरासारखे वळलेले पृष्ठभाग, म्हणजे हायपरबोलिक पॅराबोलॉइड, एकमेकांना भिडून वर सुळक्यांसारखे गेलेले. काँक्रीटची जाडी फक्त ५ सेंटिमीटर. वाळूच्या साच्यांवर तुकडे ओतायचे, ते जागेवर बसवायचे आणि ताणलेल्या पोलादी तारांनी बांधून टाकायचे. आत शेकडो स्पीकर भिंतींवर पसरलेले. एका वेळी पाचशे माणसं आत जायची. अंधारात कॉर्बुझिएने निवडलेली चित्रं आणि एडगार वारेझचं आठ मिनिटांचं इलेक्ट्रॉनिक संगीत. दोन खेळांच्या मधल्या वेळात यानिसची स्वतःची दोनेक मिनिटांची रचना, फक्त जळत्या कोळशाच्या तडतडण्यापासून बनवलेली!

मंडप कुणाचा? सगळीकडे नाव लागलं कॉर्बुझिएचं. यानिसने हे मुकाट्याने सहन केलं नाही. साहेब जगप्रसिद्ध, आपण कागदपत्रांची मारामार असलेले निर्वासित, हे सगळं बाजूला ठेवून त्याने माझं नाव पाहिजे असं ठणकावून सांगितलं. बराच वाद होऊन कॉर्बुझिएने अखेर त्याचं नाव जोडायला मान्यता दिली. ग्रुपमध्ये प्रोजेक्ट केलेल्या प्रत्येकाला यातलं मर्म कळेल. काम एकाने करायचं आणि रिपोर्टवर पहिलं नाव भलत्याचंच, हे आपणही पाहिलंय.

पण दोघांतलं काहीतरी त्यात तुटलं. प्रदर्शन संपलं आणि जानेवारी १९५९ मध्ये मंडप पाडून टाकला. त्याच वर्षी सुट्टी संपवून यानिस ऑफिसात आला तर दाराचं कुलूप बदललेलं. बारा वर्षांची नोकरी अशी संपली. सोबत आणखी दोघं जुने सहकारीही बाहेर.

तो आता सदतिशीत होता. बायको फ्रांस्वाझ, लहान मुलगी, आणि आता पूर्णवेळ फक्त संगीत. ज्या 'मग'बद्दल मी सुरुवातीला बोललो ते असं उगवलं, कुलूपबंद दारासमोर.

फोरट्रान आणि मांडीवरची पाटी

पुढचं आयुष्य भराभर सांगतो. प्रोबॅबिलिटीची गणितं हाताने करून तो थकला होता. त्याने आयबीएमच्या पॅरिस ऑफिसात खेटे घालून ७०९० या संगणकावर वेळ मिळवला आणि फोरट्रानमध्ये प्रोग्रॅम लिहिला. त्यातून निघालेल्या एका रचनेचं नाव 'एसटी/१०-१, ०८०२६२'. हे नाव म्हणजे फाइलचं नावच! स्टोकॅस्टिक, दहा वाद्यं, पहिली रचना, तारीख ८ फेब्रुवारी १९६२. आपला प्रोग्रॅम त्याने पुढे पुस्तकात सगळ्यांसाठी छापूनही टाकला.

१९६६ च्या 'तेरेतेक्तोर' मध्ये त्याने ८८ वादकांना श्रोत्यांमध्येच बसवलं. १९६७ मध्ये माँट्रियलला फ्रान्सच्या मंडपात पोलादी तारांवर १२०० दिवे लावून संगीताबरोबर प्रकाश नाचवला. १९७७ मध्ये त्याच्या संस्थेने 'यूपिक' नावाचं यंत्र बनवलं. एका मोठ्या पाटीवर पेनने रेघ काढायची, संगणक तिचा आवाज करून दाखवतो. लहान मुलं त्यावर झाड काढायची आणि झाड ऐकायची. ज्याला संगीताच्या वर्गातून वाटेला लावलं होतं, त्याने कुठल्याही वर्गात न गेलेल्यांसाठी हे यंत्र केलं.

ग्रीसचं काय झालं? १९६७ मध्ये तिथे लष्करी राजवट आली. त्याच सुमारास त्याने बारा गायकांसाठी 'न्यूई', म्हणजे रात्री, ही रचना केली. तिच्यात शब्द नाहीत, जुन्या भाषांमधले नुसते उच्चार आहेत. ती त्याने राजकीय कैद्यांना अर्पण केली. त्यात काहींची नावं आहेत आणि शेवटी ज्यांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत असे हजारो विसरलेले. मंडपावर आपल्या नावासाठी भांडलेला हा माणूस. त्याने नावं हरवलेल्यांसाठीही जागा ठेवली.

नोव्हेंबर १९७३ मध्ये अथेन्स पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी लष्कराविरुद्ध कॉलेज ताब्यात घेतलं. १७ तारखेच्या पहाटे रणगाड्याने कॉलेजचं फाटक तोडलं. यानिसचंच कॉलेज, आणि समोर परत रणगाडाच! पुढच्या वर्षी ती राजवट कोसळली, त्याची शिक्षा रद्द झाली आणि १९७४ मध्ये, सत्तावीस वर्षांनी, तो मायदेशी पाऊल ठेवू शकला.

शेवटच्या काळात आजारपणात स्मरणशक्ती साथ देईना. १९९७ मध्ये त्याने शेवटची रचना केली. नाव 'ओ-मेगा', ग्रीक वर्णमालेतलं शेवटचं अक्षर. ४ फेब्रुवारी २००१ रोजी पॅरिसमध्ये तो गेला.

ऐकायचं कुठून?

आता खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऐकाल तेव्हा शिव्या द्याल. मीही दिल्या होत्या. रूममेटने तर मिक्सर बिघडलाय का विचारलं. म्हणून माझ्या आवडीचा क्रम देतो. तबलेवाल्यांनी एकट्या तालवादकासाठी लिहिलेल्या 'रिबाँ' आणि 'साफा'पासून सुरुवात करावी, तिथे लय लगेच पकडता येते. मग ती कोळशाची रचना, 'काँक्रे पीएच', दोनच मिनिटं आहे. मग 'मेटास्टासिस', शक्यतो ग्राफ समोर ठेवून. आणि 'न्यूई' सगळ्यात शेवटी, रात्री, दिवा मालवून, एकट्याने.

कानाला गोड लागणार नाही, त्याची ती अपेक्षाही नव्हती. पण जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात होस्टेलच्या सायकलस्टँडच्या पत्र्याखाली एकदा उभे राहा. थेंब मोजू नका, सगळा पाऊस ऐका. त्यात आधी विरळ, मग दाट, मग एकदम थांबलेलं असं काहीतरी घडत जातं. ते ज्याला ऐकू आलं, त्याला झेनाकिस कळला.

आणि ट्रंकेत तबला घेऊन आलेल्या त्या मुलाला एकच सांगणं. तो तबला बाहेर काढ. पण ग्राफपेपरही टाकून देऊ नकोस.